रकान्यात न मावलेले साडेसहा दिवस

एका माणसाला डास चावून चिकुनगुनिया झाला, तर देशाचे किती नुकसान होते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी निघाले होते. प्रश्न माझा नव्हता. तो मला टॅबमध्ये भरून, गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रासह देण्यात आला होता. निवृत्त शिक्षकांना गावे ठाऊक असतात, लोक त्यांना दारातून परत पाठवत नाहीत आणि ते फारशा तक्रारी करत नाहीत, असा समज असल्यामुळे अशा पाहण्यांसाठी आम्हाला बोलावतात. यातली पहिली दोन गृहीतके बरोबर आहेत.

प्रशिक्षण लोणावळ्याच्या एका हॉटेलात झाले. डासांमुळे होणाऱ्या आजारांचा राष्ट्रीय अर्थव्यवस्थेवरील भार कसा मोजावा, हे आम्हाला दीड दिवसात शिकवण्यात आले. उरलेला अर्धा दिवस जेवणात आणि सामूहिक छायाचित्रात गेला. शिकवायला आलेले सल्लागार तिशीतले, पुण्याचे, नीटनेटके आणि स्वतःवर संतुष्ट होते. त्यांच्या पद्धतीत तीन रकाने होते. रुग्णाचे बुडालेले कामाचे दिवस, त्याची शुश्रूषा करणाऱ्याचे बुडालेले दिवस आणि औषधोपचाराचा खर्च. दिवसांना मजुरीने गुणायचे, खर्च मिळवायचा आणि सगळ्या घरांची बेरीज करून ती देशाला लावायची. गणित सोपे होते. छत्तीस वर्षे गणित शिकवल्यामुळे मला सोप्या गणिताची भीती वाटते. चूक लपायला त्यात जागा भरपूर असते.

मी हात वर करून विचारले, "अर्धा दिवस काम केलेले असेल तर?"

"तो ड्रॉप करायचा, मॅम. मिनिमम युनिट एक दिवस. देशपातळीवर ते सगळं इव्हन आउट होतं."

अर्धे जर नेहमी एकाच बाजूचे गाळले, तर ते एकमेकांना खोडत नाहीत, साचत जातात. हे मी सहावीच्या वर्गाला बोरांचा ढीग मांडून शिकवत असे. सल्लागारांसमोर बोरे नव्हती, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. "आणि बाईमाणसाचे घरातले काम? पाणी, स्वयंपाक, गुरे?"

"त्याला मार्केट रेट नाही. सध्या स्कोपच्या बाहेर आहे."

मधल्या सुट्टीत मी हॉटेलच्या आवारात फिरले. दाराशी शोभेसाठी पितळेचे मोठे घंगाळ ठेवले होते, पाण्याने भरलेले, वर झेंडूच्या पाकळ्या. पाकळ्या बाजूला केल्या तर खाली डासांच्या अळ्या शेपटी झटकत वरखाली करत होत्या. मी सल्लागारांना बोलावून त्या दाखवल्या. त्यांनी वाकून पाहिले, थोडे मागे सरकले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग! पण हे लोकेशन आपल्या सॅम्पलमध्ये नाहीये, मॅम." घंगाळ मीच कलंडले. हॉटेलच्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर त्याने अळ्यांकडे टाकली असती तर बरे झाले असते.

माझ्या वाट्याला कामशेतच्या पलीकडे, पवनेच्या अंगाला असलेले गाव आले. त्याच गावाच्या शाळेत मी अकरा वर्षे होते, तळेगावहून येऊन-जाऊन. गावातून धरणाचे पाणी दिसते आणि नळाला पाणी तिसऱ्या दिवशी येते. म्हणून प्रत्येक अंगणात निळे पिंप आहे, आणि पिंपाला झाकण नाही. दिवसा चावणारा तो पट्टेदार डास अशा स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच वाढतो. धरणाच्या काठावरच्या माणसाला पाणी साठवायला लावून मग त्याच्या आजाराची मोजदाद करायची, यात जो विनोद आहे तो कोणत्याही रकान्यात लिहायचा नव्हता.

यादीतले चौथे घर माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे निघाले. मुलींच्या रांगेत दुसऱ्या बाकावर बसणारी, उत्तर येत असूनही हात वर न करणारी. आता ती चाळिशीला टेकली आहे. नवरा आंबीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार; घरची इंद्रायणी भाताची दोन खाचरे, ती तीच बघते. गणपती उठले त्या आठवड्यात तिला ताप भरला. कामशेतच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासले, चिकुनगुनिया निघाला. ताप सहा दिवसांत गेला. सांधे मात्र ऑक्टोबर संपत आला तरी धरलेलेच होते.

तिने मला चहा दिला आणि स्वतःचा कप दोन्ही तळव्यांत धरला, कपाच्या कानाला बोट न लावता. मी ते पाहिले आणि प्रश्नावलीप्रमाणे विचारले, "आजारामुळे तुझे कामाचे किती दिवस गेले?"

"शून्य लिवा, बाई."

"ताप होता तेव्हाचे?"

"तवा पाऊस व्हता. रानात काम नव्हतंच."

"आणि आता कापणी चालली आहे तर?"

"जाती की मी. रोज जाती." ती दाराकडे पाहत म्हणाली. "शून्यच लिवा तुमी."

शुश्रूषा करणाऱ्याचे दिवस? कोणीच घरी बसले नव्हते. औषधोपचाराचा खर्च? सरकारी दवाखान्यात सगळे फुकट झाले होते. मी तीन शून्ये भरली. टॅबवर हिरवी खूण उमटली आणि फॉर्म बंद झाला. एवढ्या तत्परतेने कोणतेच उत्तर तपासून होत नाही, हे वर्गात मी नेहमी सांगत असे. तरी मी ते पाठवून दिले.

तिने शून्य का सांगितले, हे कळायला सावड काय असते ते सांगावे लागेल. मावळात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, आणि कापणी पुष्कळ ठिकाणी अजून सावडीने होते. पाच-सात घरे एकत्र येतात. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. प्रत्येक घराने रोज एक माणूस द्यायचा. मजुरी नाही. जो दुसऱ्याला दिवस देतो, त्याला दिवस परत मिळतो. जो देत नाही, त्याच्या बांधावर कोणी येत नाही. तिची सावड सात घरांची होती आणि तिच्या घराचा क्रम सहावा. मी गेले तो कापणीचा नववा दिवस होता आणि पाचव्या घराचे काम संपत आले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या खाचरांचा नंबर होता. भात पिकून पिवळे झाले होते, आकाश ढगाळ होते, आणि पिकलेल्या इंद्रायणीवर पाऊस पडला की दाणा तिथेच चिखलात झडतो. सावड तिच्या खाचरात उतरते की नाही, एवढीच एक गोष्ट तिच्या डोक्यात होती. अशा वेळी एक बाई टॅब घेऊन येते आणि विचारते, तुझे किती दिवस गेले. खरे उत्तर दिले असते, तर ते तिच्याच विरुद्ध गेले असते.

हे मला तेव्हा कळले असते तर बरे झाले असते. पण उत्तर संशयास्पद वाटले की शेजारच्या बाकाला विचारायचे, ही माझी जुनी खोड. गावाबाहेर पाचव्या घराच्या खाचराच्या कडेला सावडीतल्या बाया न्याहारीला बसल्या होत्या. मी तिथे गेले. पाठोपाठ तीही आली, आणि तिच्या चेहऱ्यावरून तरी मी समजायला हवे होते. मी टॅब हातात धरून सगळ्यांसमोर विचारले, "हिने या कापणीत नऊपैकी किती दिवस काम केले?"

मग सावडीत सर्वांत वडील असलेल्या मावशी हसल्या. साठीच्या पुढच्या, वाळलेल्या, आणि सावडीत त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही.

"आल्या बाई हजेरी घ्यायला. आमाला वाटलं, शाळा सुटली आमची."

शेजारचे खाचर ज्या बाईचे होते ती म्हणाली, "इचारा की, इचारा. आमी तर तोंड शिवून बसलोय म्हनून बरं हाय."

"शिवलंय कुटं तुजं तोंड? उसवलंय सकाळपासनं," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी पाढा म्हणावा तसे सांगितले. "ऐका बाई. नऊ दिस झालं. पाच दिस ती आली, पन इळा न्हाई धरला, पेंढ्या बांधल्या. पेंढ्या बांधायचं हलकं काम, ते आमच्यात अर्धं. झालं अडीच. दोन दिस तिचा मालक आला, कंपनीत खाडा करून. त्यो पुरा. झालं साडेचार. दोन दिस कोनीच न्हाई, आजचा धरून. म्हंजी साडेचार तिच्याकडं ऱ्हायलं."

मी तपासले. बरोबर होते. लिहिलेले कुठेच नव्हते. पण बसलेल्या सगळ्या बायांना हा आकडा पाठ होता, आणि तो अर्ध्यापर्यंत अचूक होता. ज्या मोजणीला संगणक, सल्लागार आणि हॉटेल लागले होते, ती या बायांनी भाकरी खाताखाता माझ्या मोजणीपेक्षा अधिक काटेकोरपणे केली होती. माझ्या टॅबमध्ये याच नऊ दिवसांचे शून्य होते. त्यात नवऱ्याचे दोन दिवसही शून्यच, कारण त्याने शुश्रूषा केली नव्हती, कापणी केली होती. बायकोच्या जागी उभा राहणाऱ्या माणसासाठी रकानाच नव्हता.

परंतु गावाचे गणित शहाणे आणि कागदावरचे वेडे, अशी सोयीची गोष्ट मी इथे सांगणार नाही. शेजारणीने लगेच दाखवून दिले की अचूक आकडाही कसा चावतो.

"मग बाईंच्या म्होरंच सांगा मावशी," ती म्हणाली. "अर्दं मानूस दिलं तर अर्दंच खाचर कापायचं का? न्हाई, मी आपली इचारते. माज्या घरचं पुरं मानूस आलंया रोज. सर्दी-पडसं झालं तरी आलंया."

"तुला पडसं झालं तरी तू इतकं बोलती, त्यानं पडसंच पळून जातंय," मावशी म्हणाल्या; पण त्यांनी नाही म्हटले नाही. दोन-चार माना हलल्या. उद्या अर्धेच खाचर कापले जाईल, अशी ती मानेची हालचाल होती. उरलेले अर्धे तिने, ज्या बोटांना विळा धरवत नाही त्या बोटांनी, ढगाखाली एकटीने कापायचे. आणि ही वेळ माझ्या प्रश्नाने आणली होती. जे सगळ्यांना ठाऊक होते पण कोणी उच्चारत नव्हते, ते मी सरकारी आवाजात उच्चारले होते. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. बांधावरचे गवत ती तळव्याच्या कडेने सारत बसली होती.

तिच्या हाताकडे पाहताना मला मावशींच्या गणितातली चूक दिसली. मी तिला म्हटले, "मूठ मिट." तिने हात पदराखाली घेतला. "मिट पाहू," मी वर्गातल्या आवाजात म्हटले. तिने मिटली. बोटे तळव्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. मी माझा पेन त्या पोकळीतून आरपार सरकवला. तो कुठेही न अडकता बाहेर आला.

"मावशी," मी म्हटले, "पेंढी बांधायला पीळ कशाने घालता?"

"मनगटानं. अजून कशानं?"

"मग ज्याचे मनगट धरले आहे, त्याला पीळ घालणे हलके काम कसे? विळा नुसता धरायचा असतो. पेंढी पिळायची असते, दिवसाकाठी शेकडो वेळा. तुम्ही तिला हलके म्हणून दिलेले काम तिला सगळ्यांत जड होते, आणि तेही अर्धे धरले."

मावशींनी हातातली भाकरी खाली ठेवली. तिचे मनगट आपल्या हातात घेतले आणि पीळ घालताना वळवतात तसे थोडेसे वळवले. ती ओरडली नाही. फक्त तिच्या डोळ्यांतून पाणी आले.

"आन पाच दिस बांधल्यास व्हय?" मावशी म्हणाल्या. "गाडवे, आदी का बोलली न्हाईस?"

"बोलली असती तर धरलं असतं का मला सावडीत?"

शेजारीण आपल्या पाण्याच्या तांब्यात काहीतरी शोधत होती. शेवटी मावशींनी निकाल दिला, आणि तो दयेचा नव्हता, हे मी नोंदवून ठेवते. "उद्या सगळं खाचर कापायचं. दोन्ही. साडेचार दिस ऱ्हायलं ते ऱ्हायलं, ते सुटायचं न्हाईत, आवणीला फेड. आन उद्या पेंढ्यांना हात लावलास तर माज्याशी गाठ हाय. चूल बघ."

"आन अडीचाचं काय?" शेजारणीने विचारले. "बाईंचं गणित धरलं तर पाच दिस पुरं व्हत्याल तिचं."

"बाईंचं गणित बाईंच्या डब्यात," मावशी म्हणाल्या. "नेम बदलायचा तर आवणीच्या आदी बदलू. अर्ध्या कापणीत न्हाई."

माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मापनाविषयी इतके शिस्तशीर वाक्य मी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकलेले नाही. आणि तरी ते अन्यायाचे होते.

त्याच दुपारी कामशेत स्टेशनच्या बाकावर बसून मी सल्लागारांना फोन लावला. फॉर्म उघडून द्या, दुरुस्ती आहे, असे सांगितले.

"मॅम, लॉक झालेला फॉर्म ओपन करायला स्ट्राँग रीझन लागतं. काय चेंज आहे?"

"दिवसांची दोन्ही शून्ये चुकीची आहेत. या घराचे एकट्या कापणीचे साडेसहा दिवस गेले. साडेचार सावडीने उचलले, दोन नवऱ्याने."

"नवरा केअरगिव्हर होता?"

"नाही. तो तिच्या जागी कापणीला गेला."

"मग तो काउंट नाही होत. आणि ती... सावड, ती पेड लेबर आहे का?"

"नाही."

"मग व्हॅल्यू झीरो. म्हणजे झीरो बरोबरच आहे ना, मॅम!" त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. "साडेसहा तर तसंही घेता आलं नसतं. डेसिमल नाही घेत तो फील्ड."

मी सांगितले की ते काम पैशाने करवून घेतले असते, तर हेच दिवस त्यांच्या रकान्यात मोठ्या दिमाखाने बसले असते. ते म्हणाले, पॉइंट चांगला आहे, फीडबॅक शीटमध्ये टाका. फीडबॅक शीटमध्ये शेऱ्यासाठी दोन ओळी होत्या. मी त्या दोन ओळींत साडेसहा दिवसांची फोड लिहून पाठवली. अहवाल पुढे निघाला असेल. माझ्यापर्यंत तो आला नाही, त्यामुळे त्यात काय आहे ते मी सांगणार नाही. पण ते घर त्यात गेले असेल, तर शून्याइतके गेले आहे, हे मला ठाऊक आहे, कारण ते शून्य मी भरले होते. सल्लागारांना नावे ठेवताना हे विसरू नये, म्हणून लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सावड तिच्या खाचरात उतरली. मी गेले नव्हते. तिने फोनवर सांगितले. दोन्ही खाचरे संध्याकाळपर्यंत कापून झाली. पाऊस त्यानंतर दोन दिवसांनी आला. तिने मला दोष दिला नाही, आणि आभारही मानले नाहीत. दोन्ही योग्यच होते.

पुढच्या जुलैत आवणीच्या वेळी मी पुन्हा गेले, या खेपेस टॅबशिवाय. सावडीने नियम बदलला होता का, असे विचारले. बदलला नव्हता, बोलणे निघाले आणि राहून गेले. तिची बोटे सकाळी अजून आखडत होती, दुपारपर्यंत मोकळी होत. गुडघाभर चिखलात ती रोपे लावत होती. सावडीला द्यायच्या नेहमीच्या दिवसांखेरीज साडेचार दिवस जास्तीचे, आणि त्यातला शेवटचा अर्धा दिवस मी बांधावर बसून पाहिला. दुपारी मावशींनी हात वर करून "फिटलं गं तुजं" अशी हाक दिली. ती चिखलातून बाहेर आली, पाटात हात धुतले आणि तशीच परत रांगेत जाऊन उभी राहिली, कारण शेजारणीचे खाचर अजून अर्धे राहिले होते. "तुजं फिटलं की," शेजारीण म्हणाली. "घरी जा, नखरं करू नको." ती गेली नाही. सावडीत तिची जागा राहिली होती, आणि त्या जागेकडे तिने त्या दुपारी कोणालाही वाकड्या नजरेने पाहू दिले नाही.

म्हणजे शेवटचा ताळा असा. सावडीचे साडेचार दिवस परत मिळाले, म्हणून सावडीचे नुकसान शून्य. कारखान्याने नवऱ्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला, म्हणून कारखान्याचे शून्य. भात वेळेवर कापले गेले, म्हणून देशाचे शून्य. नवऱ्याचे दोन खाडे सोडले, तर डास चावल्याची सगळी किंमत एका बाईने, न मिटणाऱ्या मुठीने, दुसऱ्या हंगामात फेडली; आणि ज्याची फेड पूर्ण होते ते घडलेच नाही, असे मानणाऱ्या शास्त्राला आपण राष्ट्रीय मोजमाप म्हणतो. घरातले पाणी, चूल आणि गुरे मी यात अजून धरलेलीच नाहीत, कारण ते कोणी मोजले नव्हते आणि न मोजलेला आकडा मी लिहीत नाही.

माझा आकडा एका घराचा आणि एका कापणीचा आहे. त्यावरून देशाचे काही ठरत नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे: आपल्या घरात किंवा शेजारी ज्या कोणाला डेंगी, मलेरिया किंवा चिकुनगुनिया होऊन गेला असेल, त्यांना किती दिवस गेले एवढेच विचारू नका, त्या दिवसांत त्यांचे काम कोणी केले आणि ते नंतर कोणी, कधी फेडले, हे विचारा. विचारताना चारचौघांत विचारू नका. अर्धे दिवसही लिहा. बेरीज करा आणि ती शून्य येते का, हे स्वतः तपासून पाहा.